ओल्या मूर्तीचे डोळे

लहानपणाच्या आठवणींच्या पुस्तकात हे पन्नाशीतलं प्रकरण कसं काय घुसलं, असं सून आत्ताच विचारत होती. मी बोलतो आणि ती मोबाईलवर टाईप करते, म्हणून तिला विचारायचा हक्क हाय. तिला म्हटलं, लिही गो तू. बाकीच्यांचं लहानपण मिसरूड फुटली की संपतं, माझं जरा लांबलं. नावच बाळाराम. बापूस बाळ्या म्हणायचा, गाव बाळ्या म्हणायचं, बायको लग्न होऊन आली तेव्हा चार दिवस 'अवो, ऐकलंत का' म्हणाली आणि मग तीही बाळ्यावर आली. मी मोठा झालो तो एका संध्याकाळी, देवळाच्या मंडपात, हातात माईक असताना. माझ्या तोंडापायी पोरीचं सगळं काम जायची वेळ आली होती त्या दिवशी. ते सांगायचं तर आधी उंदीर सांगायला हवा.

आमचा पेणजवळ जित्याला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा वाजतो तसा नाय, घराच्या पडवीला पत्रे वाढवलेले, बांबूचे माळे, आणि माळ्यांवर गणपती, काही बिनहाताचे, काही बिनसोंडेचे, सगळे बिनडोळ्यांचे. शाडूचा वास आमच्या घरात इतका मुरलेला, की बाहेरगावी गेलो तर मला झोप येत नाय, काहीतरी कमी हाय असं वाटतं. सकाळी पॉलिश पेपरची खसखस सुरू व्हायची, मधे रोह्याकडची गाडी गेली की माळे हलायचे आणि बापूस न बघता एक हात वर धरायचा, जणू गाडी त्यानंच थांबवली. दुपारी आये तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तिथंच आणून द्यायची. भाकरी दाताखाली करकरली तर आमच्यात कुणी वर बघत नाय. माती पोटात गेली, आतून गणपती बनतोय, असं मी म्हणायचो. माझं पोट बघून लोकांना ते पटायचं.

शाळेत मी गेलो तो फक्त पाटी फोडायला. मग बापसानं मला माती मळायला बसवलं, वाडीवरच्या हिराबायच्या शेजारी. हिराबाय तेव्हा जवान होती, डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन पळायची आणि माझा गोळा बघून म्हणायची, "ह्या पोराला चुलीजवळ बसवा, इथं माती वाया जाते." पण मला वेड आखणीचं. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं काम, आणि ते फक्त बापूस करायचा. त्या वेळी कुणी बोलत नसे, रेडिओ बंद. बारीक ब्रश, श्वास धरलेला, एक रेघ ओढली की इतका वेळ मातीचा असलेला गोळा तुमच्याकडे बघायला लागतो. मला वाटायचं, एकदा आपण पण कुणालातरी असं बघायला लावावं.

एकदा बापूस रोह्याला लग्नाला गेला आणि पेणचा एक घाईवाला गिऱ्हाईक दारात उभा. मूर्ती रंगवून ठेवलेली, डोळे तेवढे बाकी. मी म्हटलं, बसा, आत्ता देतो. श्वास धरला, जीभ बाहेर काढली आणि काढले डोळे. झकास दिसले. गिऱ्हाईक चहा प्यायला गेला आणि तो परत येईपर्यंत रंग खाली सरकायला लागला. एक डोळा रडत होता आणि दुसरा हिराबायला डोळा मारत होता. ती पदर तोंडात कोंबून हसली. बापूस संध्याकाळी आला, त्यानं मूर्ती बघितली, मला बघितलं. मारलं नाय. माझी मान धरून माझा गाल त्या मूर्तीच्या पाठीला लावला.

"कशी लागते?"

"गार."

"गार म्हणजे पोटात पाणी हाय. वरून सुकली दिसली म्हणून डोळे काढतात काय रे? डोळे काढले की ती मूर्ती राहत नाय, देव होतो. मग चूक झाली तर फेकता येत नाय, मोडता येत नाय. गाल गार लागतो तोवर हात बांधून बसायचं."

त्या दिवसापासून मला डोळ्यांची बंदी. मला उंदीर दिले. गणपतीच्या पायाशी बसणारे, लाडू खाणारे, लाडू न मिळालेले. आज पेण तालुक्यातले अर्धे उंदीर माझ्या हातचे असतील, आणि मला त्याची लाज नाय. फक्त सगळे जरा माझ्यासारखे दिसतात.

माझी पोर दर्शना ह्याच कारखान्यात रांगायला शिकली. आज्यानं, म्हणजे माझ्या बापसानं, मला जे दिलं नाय ते तिला दिलं. शाळेतून आली की तिच्या हातात ब्रश. तिचा हात हलत नसे. आणि प्रत्येक मूर्तीला आधी गाल लावून बघायची, मांजर अंग घासतं तसं. गालाला नेहमी शाडूचा पांढरा डाग, तो घेऊनच ती पेणला कॉलेजात जायची. पुढे कुठं कुठं शिकली ते मला विचारू नका, मी फक्त गाड्या बदलल्या तेवढ्या मोजल्या. शेवटची गाडी विमान होतं. मी तिला पोह्याचे पापड आणि सुका जवळा बांधून दिला. पापड पोचले. जवळा विमानतळावर काढून घेतला, आणि ज्या साहेबानं तो पिशवीत नाक घालून हुंगला त्याची मला आजपण काळजी वाटते.

एका सुट्टीत ती आली तेव्हा पाटावर बसून उंदरांना पॉलिश मारता मारता मला तिचं काम सांगत होती. तेव्हा हिराबाय, जी आता हिरूआजी झाली होती, माती मळत ऐकत होती.

"बाबा, एक कण असतो. न्युट्रिनो. इतका बारीक की कशालाच अडत नाय. भिंतीतून जातो, डोंगरातून जातो, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. आत्ता ह्या क्षणाला तुमच्या नखातून ढीगभर गेले."

"चावले तर नाय."

"तेच तर. कुणाला काही करत नाय, म्हणून सापडत नाय. त्यातले काही आभाळात खूप लांबून येतात, प्रचंड जोरात. त्यांना एवढा जोर कुणी दिला, ते शोधायचं. कुठून सुटले, ते."

मी विचारलं, अंतराळातून दुसरंही काय काय येत असेल की, ह्याच्याच मागे का लागायचं? ती म्हणाली, बाकीचे कण वाटेत वळतात, अडकतात, कुठून निघाले ते त्यांच्याकडे बघून कळत नाय. हा सरळ येतो. हे मला एकदम समजलं. मी पेणला बाजारात जायला निघतो, वाटेत एक चहा, मग पाराजवळ गप्पा, मग कुणाचीतरी मयत, आणि घरी आलो की बायको, म्हणजे कुंदा, विचारते कुठून आलास, तर मला स्वतःला सांगता येत नाय. कुंदाला माझ्याजागी न्युट्रिनो मिळाला असता तर तिचं आयुष्य सुखात गेलं असतं.

"मग पकडता कसा?" हिरूआजीनं विचारलं.

दर्शनानं हातातला उंदीर खाली ठेवला. दक्षिण ध्रुवावर बर्फ हाय, म्हणाली, डोंगरासारखा जाड, आतून काचेसारखा स्वच्छ आणि काळोखा. त्यात खोल भोकं पाडून, तारांना बांधून काचेचे मोठे गोळे सोडलेत, गळाला भोपळे बांधावेत तसे. प्रत्येक गोळ्यात एक डोळा. लाखो करोडो न्युट्रिनो जातात तेव्हा एखादा बर्फात कशाला तरी धडकतो, आणि निळा उजेड पडतो, क्षणभर. ते डोळे तो उजेड बघतात. कुठल्या डोळ्याला आधी दिसला, कुठल्याला मागाहून, त्यावरून तो कुठून आला त्याची रेघ मागे ओढायची, थेट आभाळापर्यंत. आणि गंमत म्हणजे ते डोळे वर नाय, खाली बघतात, पृथ्वीच्या पोटाकडे. पृथ्वीतून गाळून येतो तो खात्रीचा.

हिरूआजी माती दाबत दाबत म्हणाली, "म्हंजे तू तिथं पण डोळ्यांचंच काम करतेस गो." मला बाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं. शाडूनं होतं तसं.

मग एका सकाळी तिचा फोन आला, तिकडून. आवाज धावत आल्यासारखा. "बाबा, एक मोठा आलाय! आणि ज्या दिशेनं आला तिथं एक आकाशगंगा हाय, तिच्या पोटात काळं भोक, आणि ती नेमकी आत्ता भडकलीय. सगळ्या जगातल्या दुर्बिणी तिकडं वळल्यात. सापडलं असेल कदाचित. पण अजून कुणाला सांगू नका. तपासतोय आम्ही." कुणाला सांगू नका, हे आमच्यात पहिलटकरीण पण सांगते, आणि वेशीपर्यंत ते कळायला दुपार पुरते. मी फोन ठेवला आणि तो पहिला कुणाला लावला असेल? माझ्या मेव्हण्याला, मधूला.

मधू रोह्याजवळ धाटावला, केमिकलच्या कंपनीत. शिफ्ट सुटली की त्याच्या अंगाला औषधाचा वास आणि डोक्यात कार्यक्रम. कुठलाही कार्यक्रम. "दाजी," म्हणाला, "पोरीनं ब्रह्मांडाचा पत्ता काढला आणि आपण गप्प बसायचं? गाव थुंकेल तोंडावर. ती सुट्टीवर कधी येते?"

"दहा-बारा दिवसांत."

"ठेवा माझ्यावर."

हाच शब्द ऐकून मला घाम फुटायला हवा होता. नाय फुटला. मला फुटली हौस. ती यायच्या दिवशी जिते स्टेशनातून बाहेर पडलं की समोर, वडाला बांधलेला, घरापेक्षा मोठा फ्लेक्स. वर गणपती. मधे दर्शना, मागे गरगरणारी आकाशगंगा. एका कोपऱ्यात गॉगल लावलेला मधू. दुसऱ्या कोपऱ्यात मी, हातात उंदीर घेऊन, आणि मी आकाशगंगेपेक्षा मोठा. खाली लिहिलेलं, 'अंतराळातील कणांचा उगम शोधून काढल्याबद्दल आपल्या कन्येचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' मला वाचायला येत नाय म्हणून मधूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी परत वाचायला लावलं.

दर्शना गाडीतून उतरली. मी फाटकापाशी हार घेऊन. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं, हार घातलेला काढून हातात घेतला आणि चालायला लागली. थेट कारखान्यात. चपला पण काढल्या नाय. माळ्यावरची एक मूर्ती सुकत होती, तिला तिनं गाल लावला, डोळे मिटून. लहानपणी लावायची तसा.

"गार हाय," म्हणाली.

"ती कालच—"

"तुम्ही डोळे काढून मोकळे झालात, बाबा."

मला तिनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाय, तिथंच मातीच्या ढिगावर बसली आणि हळू सांगायला लागली. त्या दिवशी आलेला तो कण त्याच आकाशगंगेतून आला, असं दिसतं. पण योगायोग पण असू शकतो. आभाळात भडकलेलं पुष्कळ काय काय असतं, एखादं नेमकं त्या रेघेवर आलं म्हणून ते त्याचंच घर, असं नाय. म्हणून पुन्हा पुन्हा तपासायचं. जगभरची माणसं मिळून तपासतायत, आणि नियम असा की सगळ्यांचं एकमत होईपर्यंत एकानं पण बाहेर दावा करायचा नाय. "आणि इकडं माझ्याच गावात माझा फोटो, शोधून काढला म्हणून. माझ्या साहेबांनी हा बघितला तर त्यांना वाटेल मीच लावला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मला ह्या कामातून काढतील बाबा."

मोबाईलवर सगळीकडे फ्लेक्सचा फोटो गेला होता. संध्याकाळी देवळात सत्कार, पुढारी येणार, पेपरवाला येणार. उद्या छापून आलं की संपलं.

"मग तू माईकवर सांगून टाक," मी म्हटलं. "खोटं हाय म्हणून."

"सांगेन. पण सगळ्या गावासमोर तुम्ही तोंडघशी पडाल."

कुंदा चुलीवरून उठून दारात आली होती. "तुझ्या बापाला तोंडघशी पडायची सवय हाय," ती म्हणाली. "त्याची नको काळजी करू. आधी जेवून घे." आणि बिरड्याची वाटी तिच्यासमोर आपटली. मला वाढलंच नाय. बरोबरच होतं ते.

संध्याकाळी मंडप भरला. पुढारी बोलला, अमक्याचं तमक्याचं, पोरीनं तालुक्याचं नाव ब्रह्मांडात नेलं, आता रस्त्याचं काम पण मार्गी लागेल. काय संबंध ते त्याला माहीत. पहिल्या रांगेत पेपरवाला. दर्शना खुर्चीत ताठ, हात मांडीवर घट्ट. तिचे ते हात. रेघ ओढताना कधी न हललेले, आणि आता बापूस सांगायचा तसे बांधून ठेवलेले. ते बघितलं आणि मी उठलो. पुढाऱ्याच्या हातातून माईक घेतला. तो द्यायला तयार नव्हता, थोडी ओढाताण झाली.

मी उभा राहिलो आणि लोक आधीच हसायला लागले. बाळ्या उठला की काहीतरी मजा असते, हे साऱ्यांना ठाऊक. आयुष्यभर मला ते टोचायचं. त्या दिवशी म्हटलं, हसा.

"मंडळी," मी म्हटलं, "तो स्टेशनावरचा फ्लेक्स बघितलात? त्यात पोरीपेक्षा मी मोठा हाय, तेव्हाच तुम्हाला कळायला पाहिजे होतं की तो कुणी लावला. पोरीनं नाय. पोरीनं मला सांगितलं होतं, तपासतोय, कुणाला बोलू नका. मी ऐकलं आणि धाटावला फोन लावला. तिला अजून सापडलं नाय. सापडल्यासारखं दिसतंय. आपल्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला लागतं काय? मी पोरगा होतो तेव्हा ओल्या मूर्तीवर डोळे काढले होते. हिरूआजी साक्षीला हाय."

"मला डोळा मारला त्या गणपतीनं!" हिरूआजी मागून ओरडली, आणि मंडप फुटला.

"तेच मी परत केलं. मूर्ती पोरीची, अजून पोटात ओली, आणि डोळे काढले बापानं. तेव्हा एक करा. ज्याच्या ज्याच्या मोबाईलात तो फोटो हाय, त्यानं आत्ता पुसावा. आणि पेपरवाले भाऊ, तुम्हाला छापायचंच असेल तर छापा, की जित्याचा बाळ्या परत गाढव ठरला. ते खरं हाय, ते तपासायची गरज नाय."

गावातली अर्धी माणसं आयुष्यात कधीतरी कारखान्यात राबलेली. त्यांना पुढं काही सांगावं लागलं नाय. मोबाईल बाहेर निघाले, मंडपभर निळा उजेड पडला आणि विझला. मधूनं पण पुसला, पण आधी स्वतःचा गॉगलवाला कोपरा कापून ठेवला, हे मला नंतर कळलं. पेपरवाल्यानं वही बंद केली. मग दर्शना उठली, माझ्या हातातून माईक घेतला आणि बर्फातले ते डोळे, तो उजेड, ती सरळ मागे जाणारी रेघ, सगळं आमच्या बोलीत सांगितलं. सत्काराला आलेली माणसं नारळ न फोडता, शाल न घालता, ऐकत बसली. पुढारी पण बसला. शेवटी हिरूआजीनं हात वर केला.

"मग कवा सुकंल गो ती?"

दर्शनानं माईक जवळ धरला. "माहीत नाय आजी. अजून पुष्कळ कण यायला हवेत. कदाचित माझ्या हातून डोळे काढायचे नसतीलच. माझ्यानंतर कुणी काढेल."

"काढूदे," हिरूआजी म्हणाली. "माती तर तू मळलीस."

त्याच रात्री जेवायच्या आधी दर्शनानं तिच्या साहेबांना फोन करून स्वतःच सगळं सांगितलं, फोटोसकट. मी दाराआड. ती इंग्रजीत बोलत होती, आणि मधेच हसायला लागली. साहेबांनी काय विचारलं माहितीय? हातात उंदीर घेऊन उभा हाय तो माणूस कोण? तिनं सांगितलं, माझे वडील. काम राहिलं तिचं. मी कुंदाला विचारलं, आता मला वाढतेस काय? ती म्हणाली, "बसा, अवो." इतक्या वर्षांनी.

फ्लेक्स आम्ही फेकला नाय. चांगल्या मालाचा होता. कारखान्याच्या पत्र्याला गळती, म्हणून तो आतून, मूर्तींच्या वर, ताणून बांधला, छापलेली बाजू खाली. आजपण तिथंच हाय. मी उंदीर घडवत वर बघतो तर पोर आकाशगंगेतून खाली बघत असते, सुकणाऱ्या गणपतींकडे. पोरगी मुद्दाम तशीच बसवलीय काय, असं गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगतो, ती तिथंच कामाला हाय.

परवा तिचा फोन आला. आता दुसरीच एक आकाशगंगा हाय म्हणे, पहिलीपेक्षा जवळची, आणि तिच्याकडून एक नाय, बरेच आलेत. मी काही विचारलं नाय. तीच म्हणाली, "बाबा, गाल लावला."

"मग?"

"गार हाय अजून. पण पहिल्याइतकी नाय."

मी फोन खिशात ठेवला. तेवढ्यात मधूचा फोन. रिटायर झालाय, पण वास कसा कुणास ठाऊक लागतोच त्याला. "दाजी, पोरीचं काय? सुकली काय?"

"नाय रे. गार हाय."

"आपण फ्लेक्स नुसता छापून ठेवू. लावायचा नाय. तुमचा नवा फोटो—"

"ठेव फोन, मधू," मी म्हटलं. "मी मोठा झालोय आता."